विलाप आणि निवेदन : डोलोरस ओ’रिअर्डनच्या गायनाविषयी

पॉप संगीताविषयी लिहिताना वाङ्मयीन नियतकालिकाने काहीसे अवघडून लिहावे, अशी आपल्याकडे रीत आहे. कविता, कथा, कादंबरी, फार तर उपासनेतील गीतरचना हे आपले विषय. पॉप गाणे तरुण मुलांच्या करमणुकीचे आणि त्याचे आयुष्य एका पावसाळ्याचे, अशी आपली समजूत. ख्रिस्ती वाचकाच्या बाबतीत या अवघडलेपणाला आणखी एक कारण असते. वेदीपुढे गायचे ते गाणे वेगळे आणि रंगमंचावर गायचे ते वेगळे, ही विभागणी आपल्या मनात इतकी पक्की आहे की, एकाच गळ्यातून दोन्ही गाणी निघाली तर आपण त्यांपैकी एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवून मोकळे होतो. आयर्लंडच्या डोलोरस ओ’रिअर्डन या गायिकेच्या बाबतीत असे करता येत नाही. म्हणूनच तिच्याविषयी या पृष्ठांवर लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तिच्या कारकिर्दीचा आराखडा थोडक्यात असा. १९९० साली ती लिमरिक शहरातील तीन तरुणांच्या वाद्यवृंदात गायिका म्हणून आली. ‘द क्रॅनबेरीज’ या नावाने हा वृंद पुढे जगभर गाजला. २००३ साली वृंदाने विश्रांती घेतली. २००७ आणि २००९ या वर्षांत तिचे दोन स्वतंत्र गीतसंग्रह निघाले. २००९ मध्येच वृंद पुन्हा एकत्र आला. १५ जानेवारी २०१८ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी तिचे निधन झाले आणि २०१९च्या एप्रिल महिन्यात तिच्या आवाजातील अखेरचा संग्रह सहकाऱ्यांनी पुरा करून प्रसिद्ध केला.

या कारकिर्दीवरचा रूढ अभिप्राय असा की, वृंदात असताना ती मोठी होती. एकटी गाऊ लागली तेव्हा लहान झाली. खपाचे आकडे या अभिप्रायाच्या बाजूचे आहेत. वृंदाच्या ध्वनिमुद्रिका ४ कोटींच्या आसपास विकल्या गेल्याचे सांगितले जाते. स्वतंत्र संग्रहांना त्याच्या जवळपासही पोहोचता आले नाही. परंतु आकडा हा निकाल असतो, कारण नव्हे. आवाज तोच, शब्द लिहिणारी तीच, गाण्याची चाल बांधणारीही बव्हंशी तीच. मग फरक कशाने पडला? आमच्या मते तो गाण्याच्या जातीमुळे पडला. वृंदात ती विलाप करीत होती. एकटी असताना निवेदन करू लागली. हे दोन निरनिराळे प्रकार आहेत आणि आपल्या श्रद्धापरंपरेला दोन्ही चांगले परिचित आहेत. या भेदाच्या आधारे तिच्या गाण्यांकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

डोलोरसचा जन्म ६ सप्टेंबर १९७१ रोजी लिमरिक परगण्यातील बॅलीब्रिकन या खेड्यात झाला. आईवडिलांच्या नऊ अपत्यांतील ती शेंडेफळ. त्या नवांपैकी दोन बाळपणीच दगावली होती. वडील शेतमजूर. १९६८ साली मोटारसायकलच्या अपघातात ते जायबंदी झाले आणि पुढे त्यांच्याने काम होईना. आई शाळेतील मुलांच्या जेवणाचे काम पाही. ती निष्ठावंत कॅथलिक होती आणि धाकट्या मुलीचे नाव तिने पवित्र मरियेच्या सप्तदुःखांवरून ठेवले. ‘डोलोरस’ या शब्दाचा अर्थच दुःखे. आपल्या वाचकांना या नावाची ओळख करून द्यायला नको. वसईत, मुंबईत, गोव्यात कॅथलिक घरांतून हे नाव ऐकू येतेच. मुंबईत सोनापूरचे चर्च याच दुःखी मातेला वाहिलेले आहे.

गावच्या चर्चमध्ये डोलोरस ऑर्गन वाजवी आणि गायनवृंदात गाई. लिमरिकच्या लॉरेल हिल येथील, धर्मभगिनींनी स्थापन केलेल्या आणि आयरिश भाषेतून शिकवणाऱ्या शाळेत तिचे शिक्षण झाले. तेव्हा तिच्या गळ्यावर दोन संस्कार सुरुवातीपासूनच होते. एक उपासनेतील गायनाचा : स्वर सरळ आणि लांब ठेवायचा, शब्द सर्वांना कळेल असा उच्चारायचा. दुसरा आयरिश पारंपरिक गायनाचा : साथीविना, एकट्याने, स्वराला बारीक वळणे देत गायचे. तिसरी गोष्ट घरातून आली. वडील डोंगरी लोकांसारखी आवाजाची उलटापालट करून गात आणि आपण ती लकब त्यांच्याकडून घेतली, असे ती सांगत असे.

या तिन्हींच्या मिश्रणातून तिच्या आवाजातील ती प्रसिद्ध मोड तयार झाली. छातीतला भरीव स्वर वर चढताना एका ठिकाणी एकदम तुटतो आणि मस्तकातला पातळ स्वर सुरू होतो. शास्त्रोक्त पाश्चात्त्य गायनात हा सांधा झाकायला शिकवतात. डोलोरसने तो उघडा ठेवला. किंबहुना त्या सांध्यावरच आपले गाणे उभे केले. मराठीत आपण ‘हेल काढून रडणे’ म्हणतो. रडणारी बाई शब्द बोलत असते, पण शब्दाच्या शेवटाला स्वर तिच्या ताब्यात राहत नाही. तो उचलला जातो, मोडतो आणि खाली येतो. तिच्या गाण्यात हा हेल आहे. दुसरे असे की, तिने आपले लिमरिकचे उच्चार सोडले नाहीत. इंग्रजी पॉप गाताना अमेरिकी वळणाने बोलायचे, हा त्या व्यवसायातील जणू शिष्टाचारच होता. ती मात्र घरी बोलते तशीच गायली.

३

१९८९ साली नोएल आणि माइक हे होगन बंधू आणि ढोलवादक फर्गल लॉलर यांनी वृंद सुरू केला, तेव्हा त्यांचा गायक दुसरा होता. तो निघून गेल्यावर डोलोरस चाचणीसाठी आली. नोएलने तिला स्वरसंघांची एक साधी मालिका टेपवर दिली. ती घरी घेऊन गेली आणि शब्द व चाल घालून परत आणली. ते गाणे म्हणजे ‘लिंगर’. वृंदाची कामाची पद्धत या प्रसंगाने कायमची ठरून गेली : गिटारची बैठक नोएलची, त्यावरचे शब्द आणि सूर डोलोरसचे. जवळजवळ तीस वर्षांनंतर शेवटचा संग्रह होईपर्यंत बहुतेक वेळा हीच पद्धत राहिली.

‘लिंगर’चा विषय तसा किरकोळ आहे. एका कोवळ्या मुलीची प्रेमात फसगत झाली आहे आणि तरीही तिचे मन तेथून निघत नाही. असे विषय पॉप गाण्यांत ढिगाने सापडतात. मग हे गाणे वेगळे का वाटते? आमच्या मते याचे कारण नोएल होगनच्या गिटारमध्ये आहे. तो तारा एकेक छेडतो, तीच छोटी आकृती पुनःपुन्हा वाजवतो आणि गायिकेच्या वाटेत कोठेही येत नाही. ती एक ओळ म्हणते. तो तिला जागा देतो. ती थांबली की त्याच्या तारा ऐकू येतात. लितानीत एक जण विनवणी म्हणतो आणि सारे जण प्रतिसाद देतात, त्या जातीची ही रचना आहे. मागे जे साथीचे आवाज ऐकू येतात ते बहुतेक ठिकाणी डोलोरसचेच आहेत, हे खरे. पण खरा प्रतिसाद देणारे तिघे जण वाद्यांवर बसलेले आहेत. पहिला संग्रह मार्च १९९३ मध्ये निघाला तेव्हा ब्रिटनमध्ये त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. अमेरिकेत एमटीव्हीने ‘लिंगर’ उचलून धरले, तेव्हा १९९४ साली तोच संग्रह ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

येथे आयरिश विलापपरंपरेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आयर्लंडच्या खेड्यांत मयताच्या घरी स्त्रिया जमत. त्यांच्यातील एखादी जाणती स्त्री मृताचे कुळ, त्याचे गुण, मागे राहिलेल्यांचे हाल हेल काढून गाई आणि बाकीच्या तिला साथ देत. इंग्रजीत या प्रकाराला ‘कीनिंग’ म्हणतात. सतराव्या आणि अठराव्या शतकांतील आयरिश धर्मसभांनी या प्रथेचा वारंवार निषेध केला. पुनरुत्थानावर श्रद्धा असणाऱ्यांनी असा आक्रोश करणे शोभत नाही, हे एक कारण. आणि मृत्यूच्या प्रसंगी धर्मगुरूच्या शब्दापेक्षा बायकांच्या आवाजाला मान मिळतो, हेही, आमच्या मते, एक न बोललेले कारण असावे. विसाव्या शतकात ही प्रथा जवळजवळ नाहीशी झाली. डोलोरसने ती कोणा विलापिनीकडून शिकून घेतली, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, जो स्वर मयताच्या घरातून काढून टाकण्यात आला, तो ज्या भूमीत मुरला होता तेथल्याच एका चर्चच्या गायनवृंदातील मुलीच्या तोंडून ध्वनिक्षेपकावर परत आला.

याचा पुरावा म्हणजे ‘झॉम्बी’.

४

२० मार्च १९९३ रोजी, शनिवारी, इंग्लंडमधील वॉरिंग्टन या गावी भर बाजारात कचऱ्याच्या पिंपांत ठेवलेल्या दोन बॉम्बचे स्फोट झाले. हे कृत्य आयरिश रिपब्लिकन आर्मीचे होते. दुसऱ्या दिवशी तेथील मातृदिन होता. तीन वर्षांचा एक मुलगा जागीच गेला आणि बारा वर्षांचा दुसरा काही दिवसांनी इस्पितळात गेला. आपल्या देशाच्या नावावर हे झाले, ही गोष्ट डोलोरसच्या जिव्हारी लागली. एरवीच्या पद्धतीला सोडून हे गाणे तिने एकटीने लिहिले आणि वृंदाला गिटार व ढोल नेहमीपेक्षा कठोर वाजवायला सांगितले. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रसंधी जाहीर केली, त्यानंतर काही आठवड्यांतच हे गाणे प्रसिद्ध झाले.

गाण्यात राजकारण फार थोडे आहे. १९१६ सालचा, म्हणजे डब्लिनमधील ईस्टरच्या उठावाचा, एक उल्लेख येतो. बाकी सर्व आई आणि मूल यांच्याविषयी आहे. स्वरसंघ अवघे चार. ते अखेरपर्यंत बदलत नाहीत. कडवे दबक्या आवाजात सुरू होते, ध्रुपदाशी येताच गिटारी गरजतात आणि डोलोरसचा आवाज त्या सांध्यावर इतक्या जोराने मोडला जातो की, क्षणभर ते गाणे राहत नाही. समीक्षकांपैकी कित्येकांना हा आवाज कर्कश वाटला. आम्हांस वाटते, तो कर्कशच असायला हवा होता. दोन मुलांच्या मरणावर गोड गळ्याने गाता येत नाही. हेरोदाने मारलेल्या बालकांसाठी राहेलीने केलेला आकांत शुभवर्तमानात येतो, तोही सांत्वन नाकारणारा आहे.

चित्रफितीत सोनेरी रंगाने माखलेली डोलोरस एका भल्या मोठ्या क्रूसापाशी उभी दिसते. भोवती चंदेरी रंग लावलेली लहान मुले आहेत आणि मधूनमधून बेलफास्टच्या रस्त्यांवरचे सैनिक व तिथे खेळणारी मुले दिसतात. ही चित्रफीत आपल्याकडेही उपग्रह वाहिन्यांमुळे पुष्कळांच्या घरात पोहोचली. कोणाला तो क्रूस शोभेचा वाटला असेल. परंतु जिचे नाव दुःखी मातेवरून ठेवले आहे, अशी स्त्री क्रूसापाशी उभी राहून मेलेल्या मुलांसाठी आक्रोश करते, तेव्हा तो संदर्भ कॅथलिक प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही.

गाण्यावर एक आक्षेप गंभीर होता आणि तो आजही घेतला जातो. उत्तर आयर्लंडमधील राष्ट्रवादी कॅथलिकांना पिढ्यान्‌पिढ्या जे सोसावे लागले, त्याविषयी या गाण्यात अवाक्षर नाही. सुखवस्तू दक्षिणेत वाढलेल्या मुलीने उत्तरेला उपदेश करावा हे योग्य नव्हे, असा त्याचा आशय. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण तो निबंधाला लागू पडतो, विलापाला नाही. विलाप करणारी स्त्री समोर जे प्रेत आहे त्याच्यासाठी रडते. इतर प्रेतांचा ती निषेध करीत नसते. त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी रडावे लागते. १९९५ साली या गाण्याला एमटीव्ही युरोपचा उत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली ते यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहिले गेले. त्याहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती २०२३ सालची गोष्ट. फ्रान्समध्ये झालेल्या रग्बी विश्वचषकाच्या वेळी आयर्लंडचे हजारो पाठीराखे सामन्यानंतर हे गाणे एकमुखाने म्हणत होते. विजयाच्या क्षणी विलापगीत गावे, यात विसंगती आहे आणि त्यावर तेथे वादही झाला. तथापि एका स्त्रीने आरंभलेल्या विलापाला समूहाने उत्तर देणे हे त्या परंपरेला धरूनच झाले.

५

विलाप कोठे फसतो, हेही तिच्याच गाण्यांत दिसते. १९९६ साली तिसरा संग्रह निघाला. त्याचे नाव ‘टू द फेथफुल डिपार्टेड’, म्हणजे देवाघरी गेलेल्या श्रद्धावंतांस. नोव्हेंबर महिन्यातील आपल्या प्रार्थनेतलाच हा शब्दप्रयोग. तो तिच्या आजोबांना आणि वृंदाला प्रथम आधार देणाऱ्या डेनी कॉर्डेल यांना अर्पण केलेला होता. नाव इतके नेमके, पण गाणी मात्र वर्तमानपत्रातून आल्यासारखी. एक बोस्नियावर, एक युद्धातील मुलांवर, एक जॉन लेननच्या हत्येवर. या शेवटच्या गाण्यात तर बंदुकीच्या गोळ्यांचे आवाजही आहेत. येथे ती रडत नाही, बातमी सांगते. वाद्यांचा गलबला वाढला आणि नोएलच्या गिटारने सोडलेली जागा भरून गेली. जगातील प्रत्येक दुःखावर एकेक गाणे लिहिले पाहिजे, या समजुतीने तिचे नुकसान केले. याच काळात तिची प्रकृतीही ढासळली आणि वृंदाला दौरा अर्धवट सोडावा लागला.

याच बोस्नियाच्या संदर्भात दुसरी एक आठवण नोंदवावीशी वाटते. सप्टेंबर १९९५ मध्ये इटलीतील मोदेना येथे बोस्नियातील मुलांच्या मदतीसाठी लुचानो पावारोत्ती यांनी जलसा केला. त्यात डोलोरसने त्यांच्याबरोबर शुबर्टचे ‘आवे मारिया’ गायले. शेजारी जगातला मोठा शिक्षित गायक. त्याच्या आवाजात कोठे सांधा दिसत नाही. तिने त्याचे अनुकरण केले नाही. स्वर लहान ठेवला, मोड किंचितशी राहू दिली, गावच्या चर्चमध्ये गायिली असती तशी गायिली. बोस्नियाचे नाव घेऊन लिहिलेल्या गाण्याने जे साधले नाही, ते बोस्नियाचा शब्दही न उच्चारता येथे साधले. २००१ साली व्हॅटिकनच्या नाताळ जलशात ती गायली, पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटली आणि सोबत आईला घेऊन गेली; पुढे २००२, २००५ आणि २०१३ साली तेथे पुन्हा गायली. ‘झॉम्बी’ आणि ‘आवे मारिया’ गाणारा आवाज एकच होता, हे ज्याने दोन्ही लक्षपूर्वक ऐकले त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

६

आता स्वतंत्र संग्रहांकडे वळू. २००७ सालच्या संग्रहाचे नाव ‘आर यू लिसनिंग?’ : तुम्ही ऐकता आहात ना? २००९ सालच्या संग्रहाचे नाव ‘नो बॅगेज’ : ओझे नको. दोन्ही शीर्षके पुष्कळ सांगतात. तोपर्यंत ती तीन मुलांची आई झाली होती. ‘ऑर्डिनरी डे’ हे गाणे धाकट्या मुलीच्या जन्मानंतरचे आहे. त्यात आई लेकीशी बोलते आणि रोजच्या साध्या दिवसाचे अप्रूप सांगते. इतर गाण्यांत भीती, निद्रानाश, मनाचा थकवा, जुन्या जखमा येतात. भाषा साधी आहे, कोणावर दोषारोप नाही. लेखक या दृष्टीने पाहिले तर ती येथे अधिक प्रौढ झाली आहे, असे आम्ही म्हणू. तरुणपणी ती ज्याच्यावर रागावली असती, त्याला ती येथे समजून घेते.

पण गाणे म्हणून यांतील पुष्कळशी गाणी मनात ठरत नाहीत. वाद्यांची दाटी होते. ती थांबली की तिच्याच आवाजाचे थर पुढे येतात. प्रश्न तिचा आणि प्रतिसादही तिचाच. विलापाला समूह लागतो. येथे समूह नाही. हा प्रकार दुसरा आहे. आपल्या जुन्या पिढीच्या तोंडी ज्याला ‘कुमसार’ हा शब्द असे, त्या प्रायश्चित्त संस्काराच्या जातीचा तो आहे : एकट्याने, हलक्या आवाजात, आपल्या आत जे आहे ते सांगणे. मात्र प्रायश्चित्त संस्कारात जाळीच्या पलीकडे कोणी तरी बसलेला असतो. तो ऐकतो आणि शेवटी क्षमेचा शब्द उच्चारतो. ध्वनिक्षेपक क्षमेचा शब्द उच्चारीत नाही. म्हणून संग्रहाचे शीर्षकच प्रश्नार्थक झाले. ‘ॲपल ऑफ माय आय’ हे एकच गाणे तिने दोन्ही संग्रहांत, निराळ्या रूपात, पुन्हा घेतले. आपले म्हणणे ऐकले गेले नाही असे वाटणारा माणूस ते पुन्हा सांगतो.

तिचे सर्वांत अवघड निवेदन मात्र गाण्यातून आलेच नाही. वयाच्या आठव्या वर्षापासून काही वर्षे आपले लैंगिक शोषण झाले, विश्वासातल्या व्यक्तीकडून झाले, हे तिने २०१३ साली एका मुलाखतीत सांगितले. तेव्हा ती बेचाळिशीत होती. आणि आता मागे वळून पाहिले की, १९९९ सालच्या ‘बरी द हॅचेट’ या संग्रहातील ‘फी फाय फो’ हे गाणे वेगळे ऐकू येते. मुलांच्या शोषणाविषयीचे हे गाणे तेव्हा सामाजिक विषयावरचे म्हणून ऐकले गेले. ती तेथे सर्व मुलांसाठी रडत होती; त्या मुलांत ती स्वतः होती, हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. स्वतःचे नाव घेऊन जे सांगायला तिला आणखी चौदा वर्षे लागली, ते वृंदात, दुसऱ्याच्या नावाने, तिला गाता आले होते. विलापाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही यात दिसतात. जे दुःख बोलता येत नाही, त्याला तो आवाज देतो. पण त्या आवाजामागे कोण उभे आहे, हे तो झाकूनही ठेवू शकतो.

७

शेवटची वर्षे कष्टाची होती. २०११ साली वडील गेले. २०१४ साली वीस वर्षांचा संसार संपला. मन दोन टोकांमध्ये हेलकावे खाण्याच्या आजाराचे निदान झाल्याचे तिने २०१७ साली जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी जुनी गाणी तंतुवाद्यांच्या साथीने नव्याने मुद्रित झाली, पण पाठीच्या दुखण्याने दौरा सोडावा लागला. लंडनच्या हॉटेलात तिला मरण आले, ते मद्याच्या अंमलाखाली न्हाणीच्या टबात बुडून. चौकशीत तो अपघात ठरला. हे आम्ही लपवीत नाही आणि त्यावर प्रवचनही करीत नाही. २३ जानेवारी २०१८ रोजी बॅलीब्रिकनच्या संत आल्बे चर्चमध्ये तिचा दफनविधी झाला. पावारोत्तींबरोबरचे ‘आवे मारिया’ तेथे ऐकवण्यात आले. वडिलांच्या शेजारी तिला मूठमाती देण्यात आली.

त्यानंतर जे घडले, ते आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. २०१७ मध्ये नोएल आणि ती नव्या गाण्यांवर काम करीत होती. पद्धत तीच : त्याने संगीत पाठवायचे, तिने शब्द व सूर घालून परत पाठवायचे. कच्च्या मुद्रणांत तिचा आवाज राहिला होता. कुटुंबाची संमती घेऊन तिघा सहकाऱ्यांनी, पहिल्या दोन संग्रहांचे निर्माते स्टीफन स्ट्रीट यांच्यासमवेत, २०१८ साली त्या आवाजाभोवती वाद्ये बांधली. काही ठिकाणी सहगायिकेचा आधार घेतला. ‘इन द एंड’ हा तो संग्रह. यापुढे या नावाने नवे काही करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले.

मृत्यूनंतर निघालेल्या संग्रहाकडे श्रोता डोळे पुसत पाहतो. समीक्षकाने तसे पाहू नये. या संग्रहात ‘झॉम्बी’च्या उंचीचे गाणे नाही. काही शब्दरचना कच्चीच राहिली आहे. पण जी जागा १९९६ साली हरवली होती आणि स्वतंत्र संग्रहांत सापडली नाही, ती येथे परत आली आहे. गिटार पुन्हा एकेक तार छेडते आणि थांबते. ती सांगते आहे स्वतःचेच : शेवट, निरोप, जुने घर सोडणे. शब्दांनी पाहिले तर हे निवेदन आहे. परंतु आता तिघे जण प्रतिसाद देत आहेत, आणि त्यामुळे निवेदनाचा विलाप झाला आहे. जी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मयतावर रडली, तिच्या मयतावर तिच्या सोबत्यांनी साथ धरली. तिच्या कारकिर्दीचे दोन तुकडे या एका संग्रहात जुळतात, असे आमचे मत आहे.

तेव्हा ‘वृंदात मोठी, एकटी लहान’ हा निर्णय दुरुस्त करून घ्यावा लागेल. एकटी असताना तिची प्रतिभा आटली नव्हती. ऐकणारा आणि उत्तर देणारा मिळत नव्हता. यातून आपल्यासाठीही काही निघते. आपल्या गायनवृंदांत आवाज घासूनपुसून गुळगुळीत करण्याकडे कल आहे. वसईच्या बोलींत गाणाऱ्या स्त्रियांचा मूळ हेल लग्नाच्या मांडवात ऐकू येतो. वेदीपाशी तो बहुधा येऊ दिला जात नाही. स्तोत्रसंहितेत तर स्तुतीच्या बरोबरीने आक्रोश आहे आणि ख्रिस्तसभेने तो कधी वगळला नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आपल्या धर्मग्रामांतही अशी मुले आणि अशा स्त्रिया असणार, ज्यांचे दुःख अजून कोणाच्या कानावर गेलेले नाही. त्यांतील एखादी गायनवृंदात दर रविवारी पुढच्या रांगेत उभी राहून सुरेल गातही असेल. तिचा सूर कोठे मोडतो, हे ऐकण्याइतके लक्ष आपण द्यावे. डोलोरस ओ’रिअर्डनची गाणी ऐकून एवढे शिकलो, तरी पॉप संगीताला या त्रैमासिकात जागा दिल्याचे सार्थक होईल.